घाटात गाडी रांगते आणि मागे रांग लागते: ओपनटीटीडीतल्या डोंगरी लाईनीचं समस्या निवारण

ओपनटीटीडी म्हणजे वाहतूक कंपनी चालवायचा संगणकावरचा गेम, आणि हे त्यातल्या आगगाड्यांबद्दल आहे. आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमची तक्रार हीच आहे का ते कळेल.

सपाटीवर मालगाडी मस्त पळत असते, घाट लागला की वेगाचा आकडा ४०, ३०, २० असा उतरत जातो आणि शेवटी कुठंतरी खाली येऊन चिकटतो. तशीच रांगत ती माथ्यावर पोचते आणि पलीकडे उतरताना परत सुसाट. रिकामी गाडी हाच चढ सहज चढते, भरलेलीच मार खाते. या गेममध्ये एक आगगाडी दुसरीला ओव्हरटेक करू शकत नाही, त्यामुळे एक रांगली की मागच्या सगळ्या सिग्नलला उभ्या, आणि त्यातल्या ज्या चढावरच उभ्या राहिल्या त्या सुटताना आणखी हळू. मग खाणीवर गाडी वेळेवर पोचत नाही, स्टेशनचं रेटिंग पडतं, माल कमी मिळायला लागतो आणि आपण उगाच खाणीला दोष देत बसतो.

अशीच दिसणारी पण वेगळी असलेली अजून तीन लक्षणं आहेत. गाडी चढावर चक्क शून्यावर उभी आहे. गाडी अर्ध्या घाटातून परत फिरते. किंवा कित्येक वर्षं नीट चाललेली लाईन अचानक तुंबायला लागते. या तिघांना चढ सहसा जबाबदार नसतो. का, तर चढ कितीही जड झाला तरी गाडी मागे घसरत नाही आणि नुसत्या चढामुळे पूर्ण थांबतही नाही, मुंगीच्या पावलानं का होईना ती सरकत राहते. म्हणजे आकडा शून्य दिसला की पाणी दुसरीकडेच मुरतंय असं समजायचं. मी हा घोळ इतक्या सेव्हमध्ये, माझ्या आणि मित्रमैत्रिणींच्या, निस्तरलाय की आता क्रम ठरून गेलाय, आधी फुकटातलं तपासायचं आणि डोंगर फोडायला सगळ्यात शेवटी जायचं.

गाडीची खिडकी उघडा आणि नुसतं बघत बसा

याला पैसा लागत नाही. अडकणाऱ्या गाडीवर क्लिक करा, खाली स्टेटसच्या पट्टीत काय लिहून येतंय ते एका पूर्ण फेरीत बघा. वेग दिसतोय आणि तो कमी आहे, तर तुमचा प्रश्न चढाचा आहे, पुढे वाचा. गाडी बिघडली असं आलं तर देखभालीचा. मोकळ्या मार्गाची वाट बघतेय असं आलं तर सिग्नलचा. पॉवर नाही असं आलं तर कुठंतरी विजेच्या तारेचा. अर्ध्यातून परत फिरणारी इलेक्ट्रिक गाडी तर जवळजवळ नेहमी यामुळेच फिरते, घाटात काहीतरी दुरुस्ती करताना एखादी टाइल, म्हणजे नकाशाचा एक चौकोन, साध्या रुळाची राहून जाते, डोंगराच्या आड ती दिसत पण नाही, आणि इलेक्ट्रिक इंजिन साध्या रुळावर जाऊच शकत नाही. शोधत बसू नका, रूळ बदलायचं टूल घ्या आणि पूर्ण घाटावरून एकदा ओढा, जिथं तार आधीच आहे तिथं काही बिघडत नाही.

बघताना अजून एक गोष्ट नक्की करा. भरलेली गाडी कुठल्या दिशेला जाते ते बघा. खाण वर आणि कारखाना खाली असेल तर भरलेली गाडी उतरणार आणि रिकामी चढणार, अशा लाईनीवर चढाची डागडुजी करण्यात काहीच अर्थ नाही, तिथं तुंबण्याचं कारण वेगळं असतं. हे लक्षात न घेता आख्खा घाट परत बांधलेले लोक मी पाहिलेत.

सेटिंग्ज

हे पण फुकटच. सेटिंग्जमध्ये वाहनांच्या भागात फिजिक्स म्हणून एक गट आहे, त्यात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, आगगाड्यांचं अॅक्सलरेशन मॉडेल, ओरिजिनल आहे की रिअलिस्टिक. ओरिजिनलमध्ये इंजिन चढाच्या टाइलवर आलं की ठरलेल्या प्रमाणात वेग कापला जातो, मागे किती डबे चढावर आहेत याचा त्या कापण्याशी संबंध नसतो. रिअलिस्टिकमध्ये वजन, पॉवर, ओढायची ताकद, वळण सगळं धरलं जातं. खाली मी जे काही आकडे दिलेत ते रिअलिस्टिकचे आहेत, आणि खेळायचं तर रिअलिस्टिकच खेळा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यात लाईन चांगली बांधल्याचं चीज होतं.

दुसरी, आगगाड्यांसाठी चढाची तीव्रता. मुळात ती ३% असते आणि ० ते १० पर्यंत बदलता येते. एखादा तयार सिनॅरिओ किंवा कुणाचा तरी सेव्ह उघडला असेल तर ती ७ किंवा १० वर ठेवलेली असू शकते आणि आपल्याला पत्ताच नसतो. तिसरी, मालगाड्यांच्या वजनाचा गुणक. तो १ असतो, पण ५ केला की डब्यातल्या मालाचं वजन पाचपट धरलं जातं. या दोन्हीपैकी काहीही वाढवलेलं असेल तर तुमचं बांधकाम बरोबर असूनही गाडी रांगेल. एकटे खेळत असाल तर खेळ चालू असतानाच बदलून बघा, एका फेरीत फरक दिसतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर असाल तर हे तुमच्या हातात नाही, आकडे बघून घ्या आणि त्या हिशोबानं बांधा.

बिघाड आणि डेपो

लाईन वर्षानुवर्षं चालली आणि आता तुंबतेय, तर आधी इथं बघा. इंजिनाचं मॉडेल जुनं होऊन बाजारातून गेलं की त्याची विश्वासार्हता घसरत जाते, गाडी जास्त वेळा बिघडते, आणि घाटात बिघडली की शून्यापासून चढावर परत सुटावं लागतं. सपाटीवर एका बिघाडाचं नुकसान थोडक्यात भागतं, चढावर तीच गाडी माथा येईपर्यंत वेग धरत नाही, मागच्यांचं तर विचारूच नका. म्हणून घाटाच्या आधी डेपो हवा आणि ऑर्डरमध्ये, म्हणजे गाडीनं कुठं कुठं जायचं त्या यादीत, तिथं सर्व्हिसिंग टाकलेलं हवं. नुसत्या १५० दिवसांच्या नेहमीच्या मुदतीवर सोडून देऊ नका, कारण मुदत भरते तेव्हा गाडी नेमकी घाटात असू शकते.

पण डेपो अगदी पायथ्याला चिकटवू नका. डेपोतून गाडी शून्य वेगानं बाहेर येते, समोर लगेच चढ असला तर तिला धाव घ्यायला जागाच मिळत नाही. गाडीच्या लांबीच्या दुप्पट तरी सपाट रूळ मध्ये सोडा. पायथ्याच्या स्टेशनलाही हेच लागू.

सिग्नल कुठं आहे

हा माझा सगळ्यात आवडता इलाज, कारण जवळजवळ फुकट आहे आणि बऱ्याच लाईनी एवढ्यावरच सुटतात. सिग्नल चढावर बसवता येतो, गेम अडवत नाही, आणि ओढत ओढत सिग्नल लावले की ते ठराविक अंतरावर आपोआप बसतात, त्यातले दोन-तीन बरोबर चढाच्या मध्यावर येतात. मग पुढची गाडी जराशी हळू झाली की मागची तिथं उभी, आणि सुटताना शून्यापासून. एक गाडी हळू म्हणून दुसरी थांबली, दुसरी थांबली म्हणून तिसरी, हे चक्र एकदा सुरू झालं की संपत नाही.

करायचं काय, तर सिग्नल अशा जागी ठेवायचे की थांबलेली पूर्ण गाडी, शेवटच्या डब्यासकट, सपाटीवर उभी राहील. एक सिग्नल पायथ्याच्या बराच आधी, पुढचा थेट माथ्यावर किंवा मधल्या एखाद्या लांब सपाटीच्या शेवटी. ब्लॉक, म्हणजे दोन सिग्नलांमधला एका वेळी एकच गाडी मावणारा टप्पा, लांब होतो, एका वेळी घाटात कमी गाड्या राहतात, आणि तरीही दिवसाला जास्त गाड्या पार होतात. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं पण करून बघा.

हातानं एक चाचणी घ्या. भरलेली गाडी चढाच्या मध्यावर स्वतः थांबवा, परत सोडा, आणि ती किती वेगापर्यंत जाते ते बघा. थांबून सुटलेली आणि न थांबता आलेली गाडी शेवटी एकाच वेगावर येऊन स्थिर होत असेल तर सिग्नल हलवून भागणार नाही, चढ खरोखरच जड आहे. न थांबलेली गाडी चांगल्या वेगानं माथा गाठत असेल तर दोष सिग्नलचाच.

पायथ्याचं वळण आणि पूल

चढाच्या आधी मिळालेला वेग ही तुमची पुंजी आहे, ती पायथ्याशीच उधळली जात नाहीये ना ते बघा. साध्या रुळावर ९० अंशाच्या थेट वळणाला ६१ किमीची मर्यादा लागते, एकाला एक लागून दोन ४५ अंशांची वळणं असली तर ८८ ची, आणि त्या दोन वळणांत अंतर सोडत गेलात की ती १११, १३२ अशी वाढत जाते. डोंगराच्या कुशीत शिरताना आपण नेमकं आखूड वळण घेतो कारण जागा कमी असते. वळण दोन-चार टाइल मागे, मैदानात ओढून घ्या. पूल लाकडी असेल तर त्याची वेगमर्यादा फारच कमी असते, तो तिथल्या तिथं बदलता येतो, न तोडता, वरून नवीन प्रकार निवडून. आणि सपाट जमिनीवरून पूल टाकला की दोन्ही टोकांना एकेक उतार तयार होतो, तो पण चढच आहे हे विसरू नका.

इंजिन वाढवायचं की चढ पसरवायचा

इथून पुढे पैसे लागतात. बहुतेक जण इथंच चुकतात, कारण गाडी रांगली की पहिलं बोट इंजिनाकडे जातं. म्हणून हिशोब मांडून दाखवते.

गाडी ६ टाइलची धरा. एका टाइलवर दोन डबे मावतात, म्हणजे एक इंजिन आणि ११ डबे. इंजिन १०० टन, १००० हॉर्सपॉवर, भरलेला डबा ४० टन, सोयीसाठी गोल आकडे घेतलेत. पूर्ण गाडी ५४० टन. आता चढ एकाला एक लागून असेल तर पूर्ण ५४० टन चढावर असतात, ३% नं मागे खेचणारं बल साधारण १५९ किलोन्यूटन, आणि १००० हॉर्सपॉवरला ते ओढत जो वेग टिकवता येतो तो ताशी १७ किमी. आता प्रत्येक चढानंतर एक टाइल सपाट सोडा, अर्धीच गाडी चढावर राहते, वेग ३४ च्या आसपास. दोन टाइल सपाट सोडल्या तर एका वेळी फक्त चार डबे चढावर, वेग ५७. आणि दर ६ टाइलला एकच चढ ठेवला, म्हणजे गाडीच्या लांबीइतक्या अंतरानं, तर एका वेळी दोनच डबे चढावर आणि वेग ११० च्या वर. हवेचा आणि रुळाचा विरोध यात धरलेला नाही, प्रत्यक्षात थोडं कमी मिळेल, पण प्रमाण हेच राहतं.

आता दुसरं इंजिन लावून बघू. एक डबा काढून तिथं इंजिन, २००० हॉर्सपॉवर, ६०० टन. सलग चढावर वेग ३०. म्हणजे अख्खं दुसरं इंजिन लावून जेवढं मिळालं त्यापेक्षा थोडं जास्तच चढांमध्ये एकेक सपाट टाइल सोडून मिळत होतं. इंजिनाचा चालवायचा खर्च दर वर्षी, प्रत्येक गाडीला. रुळाचा खर्च बहुतांशी एकदाच, आणि फायदा त्या लाईनीवरच्या सगळ्या गाड्यांना. खऱ्या घाटात पायथ्याला बँकर, म्हणजे चढापुरतं जादा इंजिन, लावतात आणि माथ्यावर काढतात तशी सोय इथं नाही, वाटेत इंजिन जोडता-सोडता येत नाही, जे लावाल ते पूर्ण प्रवासभर ओढत न्यायचं.

पण म्हणून दर वेळी गाडीइतकं अंतर सोडा असंही मी म्हणणार नाही. १० पातळ्या चढायच्या तर सलग चढाला १० टाइल लागतात, दोन सपाट सोडून ३०, गाडीच्या लांबीनं सोडून ६०. वेळेचा हिशोब केला तर १० टाइल १७ नं आणि ६० टाइल १०० नं, जवळजवळ सारखाच वेळ. एकट्या गाडीला फार फरक पडत नाही, फरक पडतो तो लाईनीला, कारण लाईनीवरून किती गाड्या जातील हे सगळ्यात हळू जागेवर ठरतं. आणि भाडं स्टेशनांमधल्या अंतरावर मिळतं, रूळ लांब फिरवला म्हणून जास्त मिळत नाही. म्हणून एक-दोन गाड्यांची लाईन असेल तर सलग चढ तसाच राहू द्या. गर्दीची लाईन असेल तर दोन टाइल सपाट सोडायचा मधला मार्ग मला सगळ्यात परवडलाय, आणि फारच गर्दी असेल तरच गाडीच्या लांबीचं अंतर. दोन-तीन पातळ्यांचा छोटा चढ असेल तर काहीच करू नका, धावेच्या जोरावर गाडी निघून जाते.

बांधताना जुना रूळ उखडू नका. शेजारून नवीन, पसरट चढाची लाईन घ्या, ती फक्त वर जाणाऱ्या भरलेल्या गाड्यांना द्या, आणि जुना सलग चढ उतरणाऱ्यांना. उतरताना तीव्र उतार कुणालाच त्रास देत नाही. अशानं काम चालू असताना वाहतूक पण बंद पडत नाही आणि शेवटी आयतीच दुपदरी लाईन मिळते. तिरपा रूळ कधीच चढत नाही, तो नेहमी सपाट असतो, त्यामुळे दोन चढांच्या मधली सपाटी तिरप्या रुळानं भरून काढायची आणि त्याच झटक्यात बाजूला पण सरकायचं, डोंगराच्या अंगानं लाईन नेताना हे फार कामी येतं. सांधे चढावर बसत नाहीत, म्हणून ते पण याच सपाट्यांवर.

बोगदा आणि वेटोळं

हा सगळ्यात महागडा टप्पा. बोगद्याची दोन्ही तोंडं एकाच उंचीवर लागतात आणि आत सगळं सपाट, म्हणजे बोगदा तुम्हाला चढवत नाही, चढ टाळतो. डोंगर ओलांडून पलीकडेच जायचंय तर मधल्या उंचीवर बोगदा हे उत्तम उत्तर आहे. पण लांबीबरोबर खर्च झपाट्यानं वाढतो, नेहमीच्या सेटिंगला ६४ टाइलची मर्यादा आहे, आणि मूळ गेममध्ये बोगद्याच्या आत सिग्नल बसत नाही, म्हणजे ४० टाइलचा बोगदा हा ४० टाइलचा एकच ब्लॉक. चढ गेला आणि तुंबणं राहिलं असं होतं, आगीतून फुफाट्यात. गर्दीच्या लाईनीवर शेजारी शेजारी दोन बोगदे घ्या आणि आलटून पालटून गाड्या सोडा.

जागाच नसेल तर वेटोळं. १८८२ साली सुरू झालेल्या स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावर डोंगराच्या पोटात गोल फिरणारे बोगदे आहेत, गाडी आतल्या आत फिरून वरच्या पातळीवर निघते. गेममध्ये बोगदा सरळच असतो, वळत नाही, म्हणून वेटोळं उघड्यावर घ्यावं लागतं आणि स्वतःच्याच खालच्या रुळावरून पुलानं जावं लागतं. वळणं मोठी ठेवा, नाहीतर चढानं वाचवलेला वेग वळणात जाईल. आणि जमीन खणायच्या आधी झाडांकडे बघा, झाडं तोडली की जवळच्या गावाचं तुमच्याबद्दलचं मत घसरतं आणि मग नगरपालिका तिथं नवीन स्टेशनला परवानगी नाकारते. झाडं लावून ते थोडंफार भरून निघतं, पण घाट अर्धवट असताना ते करत बसणं जिवावर येतं. शक्य तिथं जमीन न खणता पाया बांधूनच रूळ टाका, उतारावर बांधकामाचं सेटिंग चालू असलं की गेम तो स्वतः घालतो.

इथं थांबा

सगळं तपासलं, चढ पसरवला, इंजिन आणि सिग्नल ठीक, आणि तरी गाडी हिशोबापेक्षा फारच हळू आहे, तर बहुधा गाड्यांचा किंवा रुळांचा न्यूजीआरएफ संच, म्हणजे गेममध्ये वरून घातलेली भर, कारण असतो, कारण त्यातली इंजिनं पॉवर, वजन आणि ओढायची ताकद स्वतःची घेऊन येतात. इथं हात लावू नका. चालू खेळात न्यूजीआरएफ काढला, घातला किंवा क्रम बदलला तर सेव्ह कायमचा बिघडू शकतो, गेम स्वतः तसा इशारा देतो आणि तो इशारा खरा आहे. सेव्हची एक प्रत बाजूला ठेवा, तो संच न घेता नवीन रिकाम्या नकाशावर तेवढाच चढ बांधून बघा. तिथं गाडी नीट चढली तर प्रश्न त्या संचाच्या लेखकाकडे न्यायचा, तुम्ही सोडवायचा नाही.

सर्व्हरवर खेळत असाल आणि सेटिंगच आडवं येत असेल तर सर्व्हरच्या अॅडमिनला सांगा, दुसरा उपाय नाही. आणि गेम बंदच पडत असेल तर तो क्रॅश लॉग आणि क्रॅशच्या वेळचा सेव्ह स्वतःच लिहून ठेवतो, त्या फाईली जशाच्या तशा गिटहबवर ओपनटीटीडीच्या डेव्हलपर लोकांना द्या, सोबत कुठली आवृत्ती आणि कुठले न्यूजीआरएफ एवढं लिहा. त्या सेव्हमध्ये त्यानंतर काही बांधू नका, त्यांना मूळ अवस्थाच लागते.